दिनविशेष : महाशिवरात्री, मम्मुणीचे देऊळ

आज महाशिवरात्री. अंबरनाथला वालधुनीकाठच्या शिवमंदिरात पहाटेपासून रांग लागते. उल्हासनगर, बदलापूरची माणसे लोकलने येतात. उत्तरेच्या दारावरील शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, हा काळ आणि शिलाहार राजा मामवाणीचे नाव आहे. हाच मम्मुणी. छित्तराज, नागार्जुन आणि मम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक उत्तर कोकणच्या गादीवर आले. थोरल्याने आरंभलेले देऊळ धाकट्याने पुरे केले, असे अभ्यासक मानतात. भूमिज शैलीचे इतके जुने, इतके देखणे देऊळ आपल्या दाराशी आहे! पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे आणि मान वर करावी: शिखर माथ्याशी उघडे, तिथून आभाळाचा तुकडा दिसतो. भिंतींवरची काळ्या दगडातली शिल्पे मात्र झिजत चालली आहेत. दर्शनाच्या गर्दीत त्यांना हात लावू नका.