टँगो गीतांतील एकतर्फी प्रेम : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास (१९१७ ते १९३५)

टँगो म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर नृत्य उभे राहते. तथापि अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथे टँगो हा गीतप्रकार म्हणूनही तितकाच रुजला, आणि प्रतिसाद न मिळालेले प्रेम हा त्या गीतांचा स्थायी विषय ठरला. हा विषय केवळ कवींच्या भावविश्वातून आला असे मानणे अपुरे आहे. प्रस्तुत लेखात त्यामागील सामाजिक वास्तवाचा विचार केला आहे.

१९१४ च्या जनगणनेनुसार या शहराची जवळपास निम्मी लोकसंख्या परदेशात जन्मलेली होती. प्रामुख्याने इटली व स्पेनमधून आलेल्या या स्थलांतरितांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा बरीच अधिक होती. चाळवजा इमारतीतील एका खोलीत अनेकांनी राहावयाचे, बंदरावर वा कारखान्यात राबावयाचे. संसार मात्र कित्येकांच्या आवाक्याबाहेर. लुनफार्दो ही इटालियन शब्दांची मोठी भर असलेली बोली अशाच वस्त्यांत वाढली.

पास्कुआल कोन्तुर्सी यांनी सामुएल कास्त्रिओता यांच्या ‘लिता’ या वाद्यरचनेवर शब्द बसविले आणि ते गीत ‘मी नोचे त्रिस्ते’ म्हणजे ‘माझी दुःखी रात्र’ या नावाने १९१७ मध्ये कार्लोस गार्देल यांनी ध्वनिमुद्रित केले. तत्पूर्वीच्या टँगोतील शब्द बहुधा बढाईखोर किंवा चावट असत. येथे सोडून गेलेल्या स्त्रीसाठी पुरुष उघडपणे रडला. त्याचे दुःख खोलीतील वस्तूंतून बोलते : आरसा, दिवा, कपाटात पडून राहिलेली गिटार. भाड्याच्या खोलीखेरीज ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्या विरहाला दुसरे साक्षीदार कोठून मिळणार?

मात्र स्त्री का निघून गेली, याचे उत्तर या गीतांत बहुतेक वेळा पुरुषच देतो. सामुएल लिन्निग यांच्या ‘मिलोंगिता’मध्ये (१९२०) गरीब वस्तीतील मुलगी रात्रीच्या झगमगाटात हरवते, सेलेदोनियो फ्लोरेस यांच्या ‘मानो आ मानो’मध्ये (१९२३) ती श्रीमंतांच्या पैशाला भुलते. शिवणकाम करून किंवा परक्या घरी राबून तुटपुंजे कमावणाऱ्या मुलीला कॅबरे हा उपजीविकेचा एक मार्ग होता, हे या गीतांना दिसत नाही. किंवा दिसूनही सांगावयाचे नसते. तिच्या जाण्याला विश्वासघात म्हणणे सोयीचे होते. ही गीते सामाजिक दस्तऐवज आहेत खरी, पण एकाच पक्षाने नोंदविलेली.

१९३० नंतर आल्फ्रेदो ले पेरा यांच्या शब्दांत हा सूर पुष्कळ सौम्य झाला. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयीन येथे विमान अपघातात गार्देल व ले पेरा दोघांचाही मृत्यू झाला.

दुसऱ्या पक्षाला या परंपरेत स्थान कसे मिळाले, हेही पाहण्यासारखे आहे. आसुसेना मायसानी ही नामांकित गायिका रंगमंचावर पुरुषी वेशात येऊन गात असे. मारिया लुइसा कार्नेल्ली या पत्रकार व कवयित्रीने टँगो गीते लिहिली, परंतु ‘क्वांदो योरा ला मिलोंगा’ (१९२७) या त्यांच्या गाजलेल्या गीतावर गीतकार म्हणून नाव छापले गेले ते ‘लुइस मारिओ’ या पुरुषाचे.