धूर, वाफ आणि मतदारयादी

व्हेपिंगवरून ऑफिसमध्ये वाद झाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ओढणारा म्हणतो, "ते रिसर्च सगळं बोगस आहे रे, अमेरिकेतली ती माणसं व्हिटॅमिन ईने गेली." न ओढणारा म्हणतो, "सायन्सने सिद्ध केलंय, विषय संपला." मला दोन्ही पटत नाही. संशोधनावर शंका जरूर घ्यावी, पण ती कशी घ्यायची याचं एक चांगलं उदाहरण मुंबईतच आहे, आणि ते व्हेपचं नाही, विडीचं आहे.

१९९१ साली टीआयएफआरमधल्या (हो, तेच, गणित आणि भौतिकशास्त्रवालं) डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईत घरोघर पाहणी सुरू केली. माणसं निवडली मतदारयादीतून, वय ३५ च्या पुढे. १९९४ पर्यंत सुमारे एक लाख लोकांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवून झाल्या. आणि गंमत म्हणजे नोंदी कागदावर नाहीत, हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर! माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मग साधारण साडेपाच वर्षांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन विचारलं, कोण आहे आणि कोण गेलं. ९७ टक्क्यांहून जास्त लोकांचा पत्ता लागला. मुंबईत, जिथे भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतो, तिथे! यूजर सर्व्हेला दहा टक्के उत्तरं आली तरी आमच्याकडे केक कापतात.

२००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगरेट ओढणाऱ्यांना मृत्यूचा धोका १.३७ पट, विडीवाल्यांना १.६४ पट. पानात गुंडाळलेली विडी म्हणजे 'नॅचरल', सिगरेटपेक्षा बरी, हा आपल्याकडचा लाडका समज इथे आपटला. पुढे याच लोकांच्या नोंदींतून दिसलं की धूम्रपान करणाऱ्यांना क्षयाने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होता.

आता शंका. विडी ओढणारा बहुधा गरीब असतो. मग मारलं कुणी, विडीने की गरिबीने? आकडे काढताना वय आणि शिक्षण यांचा हिशेब धरला होता, पण शिक्षण म्हणजे काही सगळी गरिबी नव्हे. तरीही दिवसाला जितक्या विड्या जास्त तितका धोका जास्त, अशी चढती रेघ मिळाली. ती नुसत्या गरिबीने येणं अवघड. शिवाय सवय आधी नोंदवली, मृत्यू नंतर मोजला. हा क्रम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

आणि एक मोठी फट. पाहणी मूळ शहरापुरती होती, उपनगरं त्यात नव्हती. वर, सिक्युरिटी आत सोडणार नाही म्हणून उच्चभ्रू सोसायट्यांचे भागही वगळले होते. म्हणजे अंधेरी-मुलुंडवाले, गेटवर रजिस्टर भरायला लावणारे आपण त्या डेटात नाहीच.

बरं, आता व्हेपकडे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुलं श्वास लागून हॉस्पिटलात भरती होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण, ६८ मृत्यू. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला, तर ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. ते मुख्यतः काळ्या बाजारातल्या गांजाच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं असायचं. आपला वटहुकूम आला सप्टेंबर २०१९ मध्ये, हे कळण्याच्या आधी. (बंदीमागे आयसीएमआरची इतर कारणंही होती, व्यसनाची, लहान मुलांची. तेवढं श्रेय द्यायला हवं.) पण म्हणून निकोटीनची वाफ निर्दोष सुटली का? एका बगचं कारण सापडलं म्हणून बाकीचा कोड बरोबर आहे, असं कोण म्हणेल?

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासाची हेडलाइन गाजली: व्हेप ओढणाऱ्या तरुणांना कोविडचं निदान होण्याची शक्यता पाचपट. ४,३५१ जणांचा ऑनलाइन सर्व्हे. पण पाचपट कोणात, तर कधीतरी व्हेप ओढलेल्यांत. गेल्या तीस दिवसांत फक्त व्हेप ओढणाऱ्यांत तसा ठोस संबंध दिसला नाही! शिवाय मोजलं होतं निदान, आजार किती गंभीर झाला ते नाही. हे दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एकच होतात.

मुख्य अडचण वेगळीच आहे. सिगरेटने दम लागायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि आजची ई-सिगरेट चीनमध्ये आली २००३ च्या सुमाराला. त्यात कितीतरी व्हेपवाले आधी सिगरेटवाले. त्यांच्या फुफ्फुसांतली काजळी कुणाच्या नावावर मांडायची? यावर उपाय एकच, गुप्तांसारखी मोठी यादी आणि पुन्हा पुन्हा ठोठावलेली दारं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात ई-सिगरेट वापरणारे निघाले ०.०२ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन. आज विक्री गुन्हा आहे, साठवणं गुन्हा आहे, तरी वास मात्र लिफ्टमध्ये येतो. उद्या कुणी टॅब्लेट घेऊन आलं आणि वॉचमनने चक्क वर सोडलंही, तरी त्या अनोळखी माणसाला दारात उभं राहून "हो, रोज ओढतो" असं आपल्या बिल्डिंगमधलं कोण सांगेल?