सकाळचे कॉलेज आणि ‘गुणवत्ते’चा खोटा हिशेब

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी असते. लालबाग-परळच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, आई धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या मुलाने ‘परिस्थितीवर मात करून’ नव्वद टक्के मिळवलेले असतात. आई पेढा भरवते, नगरसेवक शाल घालतो, वाचणाऱ्याला बरे वाटते. ही परिस्थिती निर्माण कोणी केली, असे कुणी विचारत नाही. त्याच चाळीतली जी पोरे नापास झाली त्यांचे काय, हेही कुणी विचारत नाही. एकाने मात केली की परिस्थितीला माफी मिळते आणि उरलेल्यांवर आळशीपणाचा शिक्का बसतो.

बाबासाहेबांच्या बाबतीतही आपण हेच करून ठेवले आहे. १४ एप्रिलच्या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते की त्यांनी दिव्याखाली अभ्यास केला, अठरा-अठरा तास वाचले, मग तुम्हाला का जमत नाही? मित्रांनो, हा धडा बाबासाहेबांनी स्वतः कधी काढला नव्हता. ‘मी शिकलो, तसे तुम्ही शिका’ एवढ्यावर ते थांबले असते तर त्यांनी वसतिगृहे काढली नसती, कायदेमंडळात आकडे मांडले नसते, कॉलेज उभारले नसते. त्यांनी काढलेला धडा वेगळा होता. शिकणाऱ्याला वेळ, जागा, पुस्तक, पैसा आणि मानाने वागवणारा शिक्षक लागतो, आणि हे पुरवणे हे समाजाचे, सरकारचे आणि विद्यापीठाचे काम आहे. या विचाराचा इतिहास परळ, गिरगाव आणि फोर्ट या काही मैलांच्या पट्ट्यात घडला. तो नीट वाचायला हवा.

डबक चाळीतली रात्र

सुभेदार रामजी आंबेडकर साताऱ्याहून मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत कुटुंब राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, सामान, सरपण, सगळे त्याच खोलीत. अशा खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी रात्रीचीच वाटणी केली. मुलाने लवकर झोपायचे, बापाने जागे राहायचे. पहाटे दोनच्या सुमारास चाळ निजलेली असताना ते भीमरावांना उठवीत आणि मग आपण आडवे होत. पुस्तक हवे असेल आणि पैसे नसतील तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत.

या प्रसंगाची गोष्ट सांगताना आपण मुलाची जिद्द पाहतो, बापाने केलेली व्यवस्था पाहत नाही. झोपेची वेळ, निजण्याची जागा आणि लेकीचे सोने, एवढे सगळे एका विद्यार्थ्यापायी घराने खर्ची घातले होते. ज्या घरात बाप गिरणीत रात्रपाळीला होता आणि लेकीच्या अंगावर दागिनाच नव्हता, त्या घरातल्या मुलाने काय करायचे?

पुढचीही माणसे पाहा. गिरगावात चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसतो, म्हणून शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्याची चौकशी करतात आणि त्याला पुस्तके देऊ लागतात. मॅट्रिकनंतरच्या सत्कारात ते आपले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवतात. सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याला नेतात आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर पुस्तके देतात, कपडेही देतात. म्हणजे बागेतला एक बाक, एक शिक्षक, एक शिष्यवृत्ती आणि एक प्राध्यापक एवढी साखळी जुळली, तेव्हा तो मुलगा १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. यातली एक कडी निसटली असती तर?

२८२ गुण

याच मुलाला १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेत ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या भाषेत सदतीस-साडेसदतीस टक्के. संस्कृत शिकायची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ती भाषा नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कूलच्या वर्गात फळ्याजवळ जायची पाळी आली, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला होता.

आरक्षणाच्या नावाने रोज बोटे मोडणाऱ्या ‘मेरिट’वाल्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. त्यांच्या कट-ऑफ यादीत हा विद्यार्थी बसला नसता. पुढे कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवल्या त्याही याच माणसाने. तेव्हा २८२ हा आकडा काय मोजत होता? तो डबक चाळीची खोली मोजत होता, नाकारलेली भाषा मोजत होता, फळ्यामागचे डबे मोजत होता. बुद्धी तो मोजत नव्हता. परीक्षेचा गुण म्हणजे विद्यार्थ्याची बुद्धी अधिक त्याला मिळालेला आधार, आणि आपला समाज ही बेरीज लपवून सगळी रक्कम बुद्धीच्या खात्यावर टाकतो. हाच तो खोटा हिशेब.

शंभरातले अठरा

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची पूर्वतयारीची बैठक मार्चमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली होती. शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासमंडळे ही तिची उद्दिष्टे होती. ‘शिका’ असा नुसता उपदेश तिने केला नाही, शिकणाऱ्याला राहायला आणि वाचायला जागा देण्यापासून तिने सुरुवात केली. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले.

त्याच १९२५ साली मुंबई महापालिकेने एफ आणि जी वॉर्डांत, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या भागात, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. गिरणगावातल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती. पण पटावर नाव लागले म्हणजे शिक्षण झाले का? १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सगळ्या इलाख्याचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. माणशी शिक्षणावर खर्च १४ आणे आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर. आर्ट्स कॉलेजांचा ३६ टक्के खर्च फीमधून निघतो, हायस्कुलांचा ३१ टक्के. हा शिक्षणाचा बाजार आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले. दारूच्या उत्पन्नातून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

या भाषणानंतर बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. तळे आणि शाळा या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या लढाया नव्हत्या. दोन्ही सार्वजनिक पैशाच्या, आणि दोन्हींच्या काठावर आमची माणसे उभी.

विद्यापीठ कशासाठी?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकवायचे कॉलेजांनी. सुधारणा सुचवण्यासाठी चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा १९२४ साली बाबासाहेबांनी तिच्या प्रश्नावलीला सविस्तर लेखी उत्तरे दिली. विद्यापीठाने स्वतः शिकवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. संशोधन करणारा प्राध्यापक एकीकडे आणि पदवीच्या वर्गांना शिकवणारा दुसरीकडे अशी फाळणी केली तर दोन्हीकडचे नुकसान होते, असे त्यांनी बजावले. म्हणजे चांगला शिक्षक फक्त वरच्या वर्गासाठी राखून ठेवू नका, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यालाही तो मिळाला पाहिजे.

२७ जुलै १९२७ ला विद्यापीठ विधेयकावर बोलताना ते आणखी पुढे गेले. ज्यांच्यात क्षमता आहे पण पैशाअभावी किंवा आयुष्यातल्या इतर अडचणींमुळे ज्यांना शिकता येत नाही, त्यांच्यापर्यंत शिक्षणाच्या सोयी नेणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, असा अर्थ त्यांनी लावला. प्रवेशद्वारावर उभे राहून कुणाला बाहेर ठेवायचे हे ठरवणारा पहारेकरी म्हणजे विद्यापीठ, असे त्यांनी मानले नाही. आजच्या आपल्या विद्यापीठांना हे वाक्य कळले आहे का?

सिद्धार्थची घंटा

ही भूमिका प्रत्यक्षात आणायची संधी १९४५-४६ मध्ये आली. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवात झाली मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत, नंतर फोर्टमध्ये आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती आल्या. या कॉलेजची खरी क्रांती त्याच्या वेळापत्रकात होती. वर्ग सकाळी भरत. विद्यार्थी शिकून पुढे कचेरीत, दुकानात, पेढीवर कामाला जाऊ शके. घरची चूल चालू ठेवायची की शिकायचे, या प्रश्नात ज्याचे शिक्षण नेहमी हरत आले होते, त्याला पहिल्यांदा दोन्ही करता आले. पुढच्याच वर्षी सोसायटीची रात्रशाळाही मुंबईत निघाली.

हे योगायोगाने घडले नाही. कॉलेज सुरू झाले तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्याच कारखाना दुरुस्ती कायद्याने कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराचे तास मोजणारा आणि कॉलेजची घंटा ठरवणारा माणूस एकच होता. वेळ ही श्रीमंतांची मालमत्ता असते, हे त्याला डबक चाळीत पहाटे दोन वाजता कळले होते. बापाने एका मुलासाठी रात्रीची वाटणी केली होती, मुलाने ती हजारोंसाठी सकाळची केली.

आणखी एक गोष्ट. या कॉलेजचे पहिले प्राचार्य होते संस्कृतचे विद्वान अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर. ज्याला संस्कृत नाकारली गेली, त्याने आपल्या कॉलेजवर संस्कृतचा पंडित बसवला. शिकवणाऱ्याची जात पाहिली नाही, विद्वत्ता पाहिली. कॉलेजचे दारही सगळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे ठेवले. आम्हाला जातीयवादी म्हणणाऱ्यांनी हेही वाचावे.

आज काय उरले?

गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. पण काम करून शिकणारा विद्यार्थी गेला नाही. तो आता मॉलच्या दारात सुरक्षारक्षक आहे, मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो आहे. त्याच्यासाठी रात्रशाळा हा शेवटचा आधार. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी करायचा निर्णय घेतला, तेव्हा वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक एका फटक्यात वर्गाबाहेर गेले. पूर्णवेळ शिक्षक द्यायला कुणाचाच विरोध नव्हता. पण आधी शिक्षक काढायचे आणि मग दुसरे शोधायचे, असा प्रयोग श्रीमंतांच्या शाळेवर कुणी केला असता का?

आणि दार ओलांडून आत गेलेल्यांचे काय? १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. शंभर वर्षांनंतर, २२ मे २०१९ ला, मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवीने जीवन संपवले. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींना उच्च शिक्षण संस्थांतला जातिभेद थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. दोन आयांना हे मागावे लागते, यातच सगळे आले. अपमानाच्या वातावरणात कितीही उत्तम अभ्यासक्रम ठेवला तरी शिक्षण होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आणि ठोस असल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपल्यावर नको, फी भरायच्या वेळी हवी. संध्याकाळनंतर कुलूप लागणाऱ्या महापालिका शाळांचे वर्ग रात्री अभ्यासिका म्हणून उघडा, वीज आणि पाणी द्या. रात्रशाळेला पूर्णवेळ शिक्षक आणि प्रयोगशाळा द्या. प्रत्येक कॉलेजने दरवर्षी जाहीर करावे की कोणत्या प्रवर्गातली किती मुले आत आली, किती मधूनच गेली आणि का गेली. शंभरातले ८२ कुठे गेले, हे बाबासाहेबांनी १९२७ साली विचारले होते. तोच प्रश्न आपल्या वॉर्डातल्या शाळेत, आपल्या कॉलेजात जाऊन विचारायला आपल्याला कोण अडवते आहे?

आणि जयंतीच्या मंडळांनाही सांगणे आहे. डीजेचे बजेट काढताना त्याच वहीत अभ्यासिकेच्या भाड्याची ओळ लिहा. बाबासाहेबांसारखे व्हा, असे पोरांना सांगण्याआधी त्यांच्यासाठी रामजींसारखे, केळुसकरांसारखे कोण झाले, हे आपल्याच वस्तीत मोजून पाहा.

जय भीम!