तेंदेन्को, म्हणजे आपापलं पळा

शुक्रवार, ११ मार्च २०११. हिंजवडीत आमचं रिलीज अडकलं होतं, त्यामुळे सकाळपासून कोणी चहालाही उठलं नव्हतं. बाराच्या सुमाराला आईचा फोन. "अरे, टीव्हीवर जपान दाखवतायत. ताईचा फोन लागत नाहीये."

ताई तेव्हा तोक्योत शिंजुकुला नोकरी करायची, राहायची निशीकासाईला (तोक्योतली आपली देशी वस्ती, तिथे पोहेसुद्धा मिळतात). भावजी कामासाठी ओसाकाला गेलेले. भाची तीन वर्षांची, पाळणाघरात. ९.० तीव्रतेचा भूकंप आपल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून १६ मिनिटांनी झाला होता. त्यानंतर संध्याकाळी साडेसहापर्यंत मी आणि आईने मिळून किती वेळा नंबर फिरवला कोण जाणे. शेवटी ताईची मेल आली : "पोचले. पिल्लू झोपलंय. चालत आले."

ट्रेन बंद, मोबाईल बंद, तेव्हा ही बाई ऑफिसच्या बुटांत पंधराएक किलोमीटर चालत पोरीकडे गेली. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! आईने तर सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ताईच म्हणाली, "अरे, ती चूक होती. इथे आता तसं करू नका म्हणून सांगतात." मग मी वाचायला घेतलं आणि एका शब्दापाशी येऊन थांबलो. आजचा लेख त्या शब्दाचा आहे.

शब्द आहे ‘तेंदेन्को’. जपानच्या ईशान्य किनाऱ्याला, सानरिकु भागात, बोलीभाषेत याचा अर्थ ‘ज्याचं त्याने’, ‘आपापलं’. ‘त्सुनामी तेंदेन्को’ म्हणजे त्सुनामी आली की आपापलं पळा. आईबापासाठी थांबू नका, पोराला शोधायला जाऊ नका. ऐकायला भयंकर वाटतं ना? मलाही वाटलं.

पण तो किनारा बघा. १५ जून १८९६. जुन्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याची पंचमी, म्हणजे मुलग्यांचा सण. चीनशी झालेल्या युद्धावरून परतलेले सैनिक घरी, गावोगावी मेजवान्या. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला जमीन हळूच हलली. इतकी हळू, की कोणी जेवणावरून उठलं नाही. त्या भूकंपात तळाचा खडक सावकाश सरकला, म्हणून धक्का फारसा जाणवला नाही, पण समुद्राचं पाणी मात्र प्रचंड उचललं गेलं. अर्ध्या तासाने लाट आली. र्योरी नावाच्या गावात पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढलं, म्हणजे बारा मजली इमारत. सुमारे २२ हजार माणसं गेली. घरंच्या घरं संपली, कारण बाप मुलाकडे धावला, मुलगा आजीकडे धावला आणि सगळे एकत्र सापडले.

३ मार्च १९३३ ला रात्री अडीचला पुन्हा तेच. या वेळी धक्का जोरदार होता, लोक जागे होऊन टेकड्यांवर पळाले. तरी सुमारे तीन हजार गेलेच. र्योरीच्याच परिसरातला यामाशिता फुमिओ हा नऊ वर्षांचा मुलगा त्या रात्री बर्फातून पळाला. त्याच्या घराण्यातली नऊ माणसं १८९६ मध्ये बुडाली होती. आणि या रात्री त्याचे वडील या धाकट्या पोराचा हात न धरता एकटेच पुढे पळून गेले! नंतर आईने जाब विचारला, तेव्हा वडिलांचं उत्तर काय, तर ‘तेंदेन्को’. हा मुलगा मोठेपणी त्सुनामीचा इतिहासकार झाला. १९९० मध्ये किनाऱ्यावरच्या गावांच्या एका परिषदेत त्याने हा घरातला किस्सा सांगितला आणि तिथून हा शब्द देशभर गेला. (२०११ मध्ये हेच यामाशिता, वय ८७, रिकुझेन्ताकाताच्या हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर होते. पाणी तिथवर आलं. पडद्याला लटकून वाचले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारले.)

आता तुम्ही म्हणाल, बाप पळून गेला यात शहाणपण कसलं? मीही इथेच अडकलो होतो. उत्तर मिळालं ते कामाइशीत.

कामाइशी हे त्याच किनाऱ्यावरचं पोलादाच्या कारखान्याचं शहर. गुन्मा विद्यापीठातले कातादा तोशिताका हे प्राध्यापक २०११ च्या आधी काही वर्षं तिथल्या शाळांतून शिकवत होते. ते मुलांना सांगायचे, नकाशावर विश्वास ठेवू नका, जमेल तितकं करा, आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही पळा. पण त्यांचं खरं काम होतं आयांवर. तू शाळेत असताना भूकंप झाला तर आई काय करेल, असं विचारलं की मुलं म्हणायची, मला घ्यायला येईल. मग ते सांगायचे, आज घरी जाऊन आईला सांगा, मी नक्की पळेन, म्हणून तूही पळ. आणि तिला पटेपर्यंत सांगा.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. नेटवर्क तुटल्यावर दोन मशीन एकमेकांना विचारू शकत नाहीत, तेव्हा दोघांनी काय करायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. तेंदेन्को म्हणजे ‘मी तुला सोडतो’ नाही. ‘तू तुझं करशील हे मला माहीत आहे’ असा तो आधी केलेला करार आहे. यामाशितांच्या वडिलांनी तो पोराला आधी सांगितला होता का, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

११ मार्चला तीन मिनिटांत इशारा आला, पण इवाते किनाऱ्यासाठी तो होता तीन मीटरचा. नंतर आकडा वाढवला, तोवर बऱ्याच ठिकाणी वीज गेलेली. उनोसुमाई भागातल्या दोन्ही शाळा नकाशाप्रमाणे धोक्याच्या बाहेर होत्या. तरी मोठ्या शाळेची मुलं पळत सुटली. प्राथमिकची मुलं वरच्या मजल्यावर गेली होती, ती त्यांना बघून खाली उतरली आणि मागे धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागची दरड ढासळताना दिसली, म्हणून आणखी वर, मग आणखी वर. मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले होते, म्हणजे ‘आपापलं’ म्हणजे ‘एकट्याने’ असा अर्थ त्या पोरांनी काही काढला नव्हता. ती आधीची जागाही पाण्यात गेली. शहरातली जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली. पाच गेली, ती शाळेच्या ताब्यात नसलेली.

वर्तमानपत्रांनी याला कामाइशीचा चमत्कार म्हटलं. गावाला तो शब्द सहन होईना, कारण शहरातली हजारावर माणसं गेली होती. त्याच उनोसुमाईत एक आपत्ती केंद्र होतं, नावातच ‘आपत्ती’, पण ते त्सुनामीत पळून जाण्यासाठी नव्हतंच. आठच दिवसांपूर्वी, ३ मार्चला, सोय म्हणून सराव तिथेच घेतला गेला होता. लोक सरावाप्रमाणे तिथे गेले. दीडशेहून जास्त माणसं तिथे गेली असा अंदाज आहे. हे वाचून मी लॅपटॉप मिटला होता.

असो. तोक्योचं वेगळं. तिथे मोठी त्सुनामी नव्हती, पण त्या रात्री तोक्यो आणि आसपासच्या भागात मिळून पन्नास लाखांवर माणसं घरी पोचू शकली नाहीत असा सरकारी अंदाज आहे. ताईसारखी चालत निघालेली गर्दी रस्त्यावर आली की अ‍ॅम्ब्युलन्स आणि बंब अडकतात. त्या दिवशी इमारती पडल्या नाहीत म्हणून निभावलं. एप्रिल २०१३ पासून तोक्योत नियमच आहे की लगेच घराकडे निघू नका, आणि कंपन्यांनी माणसांसाठी तीन दिवसांचं पाणी-खाणं ठेवायचं. ताईच्या ऑफिसात तिच्या नावाचा खोका आहे. मुलांना शाळा सांभाळते.

पण न धावता थांबायचं, तर आपली माणसं ठीक आहेत हे कळणार कसं? १९९५ च्या कोबे भूकंपात फोन कोलमडले, त्यानंतर १९९८ मध्ये तिथे १७१ हा नंबर सुरू झाला. तो फिरवून आपल्या नंबरावर तीस सेकंदांचा निरोप ठेवायचा, घरच्यांनी तोच नंबर घालून ऐकायचा. दोघांनी एकाच वेळी लाइनवर असायची गरज नाही. २०११ मध्ये गूगलचा पर्सन फाइंडरही होता. छावण्यांच्या भिंतींवरच्या हाताने लिहिलेल्या याद्यांचे फोटो लोक पाठवायचे आणि अनोळखी माणसं घरी बसून ती नावं टाइप करायची. सहा लाखांवर नोंदी झाल्या. मला त्या दिवशी हे दोन्ही माहीत नव्हतं. मी नुसता रीडायल दाबत होतो.

१७१ ला वेबवरचं भावंड आहे, ते परदेशातूनही उघडतं. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी सुरू असतं. ताईने आईला ते शिकवलं. आमच्या फ्रिजवर तिचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलाय, आणि खाली आईच्या हातचं : ‘फोन करत बसायचं नाही. इथे बघायचं.’ भाची आता कॉलेजात जाते, तिचा नंबर त्याखाली.

गेल्या १ तारखेला आई पूजा आटोपून माझ्या मागे लागली, "बघ रे, ताईने टाकलंय का." ताईने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, ‘सगळे ठीक. आज भेंडी.’ आईने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "पोरीचं कुठाय? तिने का नाही टाकलं?"