मोडीत निघालेलं ३०३
जुन्या स्वस्त सिंथेसायझरच्या आठवणीत रमणाऱ्यांसाठी टीबी-३०३ हे नाव हळवं आहे. जपानच्या रोलँड कंपनीने हे चंदेरी प्लॅस्टिकचं छोटं यंत्र १९८०च्या दशकारंभी काढलं. एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी, एवढाच हेतू. आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता आणि सूर भरणं डोकेदुखी. १९८४मध्ये उत्पादन थांबलं, यंत्रं सेकंडहँड दुकानांत पडेल भावात गेली.

खरा इतिहास मला तिथून पुढचा वाटतो. शिकागोच्या फ्यूचर या गटातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी असंच एक जुनं ३०३ घेतलं आणि ते वाजत असतानाच त्याची बटणं पिळत राहिले. त्यातून निघालेल्या चिरक्या आवाजाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड १९८७ची. ॲसिड हाउस संगीताची सुरुवात तिथून मानतात.

त्याआधी, १९८२मध्ये, मुंबईचे सिनेवादक चरणजित सिंग यांनी ३०३ वापरून भैरव, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. मींड ऐकलेल्या कानाला ती परकी नाही. रेकॉर्ड चालली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि सिंग 'ॲसिड हाउसचे जनक' ठरले. मला हे पटत नाही. ती शिकागोला पोचल्याचा पुरावा नाही. शिवाय त्यांच्याकडचा ज्युपिटर-८ चांगलाच महागडा होता!

आज मूळ ३०३साठी हौशी लोक लाखांत पैसे मोजतात. खिसा रिकामा असलेली पोरं बेरिंगरच्या स्वस्त नकलेवर वाजवतात.