अर्धवटरावांचा दुसरा आवाज

यशवंत केशव पाध्ये यांनी आपल्या बोलक्या बाहुल्याचं नाव 'अर्धवटराव' ठेवलं, तिथंच अर्धा विनोद झाला होता. हा बाहुला १९१६ सालचा. शब्दभ्रमकलेत बोलतो माणूस, पण मान मिळतो लाकडाला. ते लाकूड मग बोलवणाऱ्यालाच उलट उत्तरं देतं, त्याची टोपी उडवतं.

कोल्हापूरकरांना हे नवं नाही. तमाशातला सोंगाड्या दुसरं काय करतो? राजा मिशीला पीळ देऊन बसावा आणि यानं सांगावं, की सिंहासन कसलं, ही तर मांडववाल्याची खुर्ची! वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडी सहज वगात ओढून आणत. खेळ खोटा आहे हे उघड सांगूनही लोक उठून जात नाहीत. उलट पुढं सरकून बसतात.

अमेरिकेत तर कमालच झाली. एडगर बर्गन आणि त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी १९३७पासून रेडिओवर गाजले. रेडिओवर शब्दभ्रम म्हणजे अंधारात नकला! तरी चार्ली बर्गनना टोमणा मारायचा, की तुमचे ओठ हलतात.

पण माणूस गेला, की बाहुल्याचं काय? अभिनेता गेला तर त्याची भूमिका दुसरा करतो. बाहुल्याचा चेहरा मात्र तोच राहतो, जातो तो फक्त आवाज. पेटीत पडून राहणं, हेच बहुतेक बाहुल्यांचं नशीब. अर्धवटराव वाचले. १९६७ साली यशवंतरावांचे पुत्र रामदास पाध्ये त्यांना घेऊन रंगमंचावर आले. रामदासजी शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर. पुढं दूरदर्शन आलं आणि अर्धवटराव, आवडाबाई घराघरांत पोचले.

मला वाटतं, हे जमलं ते बाहुल्याच्या स्वभावामुळं. आपला आवाज उसना आहे हे ज्यानं पहिल्यापासून मिरवलं, त्याला तो दुसऱ्याकडून उसना घ्यायला लाज कसली? रामाची मूर्ती असती, तर अवघड होतं.

'फ्युचरामा' या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेनं हीच युक्ती केली. १९९९ला सुरू, २००३ला बंद, २०१०ला दूरचित्रवाणीवर परत, २०१३ला पुन्हा बंद. २०२३ साली तिसऱ्यांदा उठली, तेव्हा पहिल्याच भागात तिनं मालिका बंद करण्याच्या आणि पुन्हा काढण्याच्या धंद्याचीच खिल्ली उडवली. प्रेक्षक जे म्हणणार, ते आधी आपणच म्हणून टाकायचं.

'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचूही रामदासजींच्याच हातचा. २०१३ साली तो थ्रीडी होऊन परतला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते, आणि पडद्यावर ती उणीव कुठलाही चष्मा लावून भरत नव्हती. बाहुला टिकतो, पण त्याला घाबरणारा माणूस तितकाच तोलाचा लागतो.

अर्धवटरावांनी शंभरी केव्हाच ओलांडली. आता तिसऱ्या पिढीतले सत्यजित पाध्येही बाहुल्यांना बोलतं करतात.