सैरंध्रीचे रंग

मिरचीचा हंगाम आहे, हात झोंबत असतील. देठं काढता काढता ऐका. आज सिनेमाची गोष्ट सांगते. हाच लाल रंग पडद्यावर आणायला आपली मराठी माणसं पहिल्यांदा निघाली, तो सिनेमा म्हणजे ‘सैरंध्री’, साल १९३३.

आपल्याकडे सिनेमा बोलायला लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कोल्हापुरात १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच जणांनी ‘प्रभात’ कंपनी काढली होती. तिकडे अमेरिकेत गाण्यांची नाटकं उचलून त्यांचे रंगीत सिनेमे काढायची लाट आली होती. १९३०चा ‘द व्हॅगबाँड किंग’ त्यातलाच. आपल्याला संगीत नाटकाचं वेड त्याच्या किती आधीपासून! शांताराम पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. ‘सैरंध्री’ला संगीत दिलं गोविंदराव टेंबे यांनी. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच.

आता सैरंध्री कोण, ते आपल्या आज्यांना विचारायला नको. अज्ञातवासातली द्रौपदी. नाव लपवून विराट राजाच्या घरी कामाला लागली, राणीची वेणीफणी करायची. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागला. आणि राणीने काय केलं? दारू आणण्याच्या निमित्ताने तिला एकटीला त्याच्याच घरी पाठवलं. मला या कथेतलं हेच सगळ्यात टोचतं. ती पळून दरबारात आली, तर भर दरबारात त्याने तिला लाथ मारली. राजा गप्प. वेष पालटून बसलेला तिचा नवराही तिला म्हणाला, तू आत जा. शेवटी रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे गेली, तेव्हा कुठे कीचक मेला.

हीच कथा खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ नाटकात मांडली. लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत आपला देश. इंग्रजांनाही ते दिसलं, १९१० साली नाटकावर बंदी आली. पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी त्यावरून मूकपट काढला, त्याचंही नाव ‘सैरंध्री’. कीचकाला मारायचा देखावा इतका खराखुरा दिसला की सेन्सॉरने तो कापायला लावला. त्या सिनेमात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी काम केलं. तोवर बायकांची सोंगं बहुतेक पुरुषच घेत. सिनेमात तोंड दाखवलं म्हणून समाजाने या दोघींना वाळीत टाकलं. अन्याय झालेल्या बाईची गोष्ट सगळ्यांना बघायची होती, पण ती सांगायला उभ्या राहिलेल्या बायका कुणाला नको होत्या.

त्याच पेंटरांच्या हाताखाली शिकलेले शांताराम तेरा वर्षांनी ती कथा रंगात करायला निघाले. रंगाची रीत अशी होती. कॅमेऱ्यात दोन फिल्मा एकीला एक चिकटून चालवायच्या. एक लालसर उजेड धरते, दुसरी निळसर. मग छापताना एका बाजूला नारिंगी-लाल, दुसऱ्या बाजूला निळा-हिरवा रंग द्यायचा. दोनच रंग, त्यांच्यात सगळी दुनिया बसवायची! म्हणजे मिरची जमेल, पण हळद काही खरी उतरायची नाही. जांभळी साडी तर विसराच.

तो छापायची सोय आपल्या देशात नव्हती. शांताराम जर्मनीला गेले, तिथे कॉपी तयार झाली. हिटलर सत्तेवर आला, तेच हे वर्ष. इतकं करून रंग काही मनासारखे उतरले नाहीत. भडक आणि विटके दिसले. प्रभातला सिनेमा चांगलाच महागात पडला. त्याच वर्षी कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. पुढे तिथेच त्यांचा ‘संत तुकाराम’ झाला, साधा काळा-पांढरा, आणि तो गावोगाव पोचला.

मला वाटतं, रंग फसला म्हणून ‘सैरंध्री’ला विसरू नये. पैसा आणि जोखीम घालायची वेळ आली तेव्हा या माणसांनी परीकथा नाही घेतली. कामाच्या ठिकाणी छळ सोसणाऱ्या बाईची कथा घेतली. तिला दाद मागायला दरबार होता, तिथे कुणी ऐकलं नाही. आपल्याला २०१३चा कायदा आहे. शेतात, छोट्या कारखान्यात, कुणाच्या घरी कामाला असलेल्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तालुक्याला ती घ्यायला अधिकारी नेमलेला असतो. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि रंगाचं राहिलंच. चार वर्षांनी, १९३७ साली, मुंबईत अर्देशिर इराणींनी रंगीत सिनेमा आपल्याच देशात धुऊन दाखवला. त्याचं नाव ‘किसान कन्या’.